टेम्पो तीन हात उडाला

आधीच सांगून टाकते. त्या दिवशी वारा नव्हता. दांडेवाला झोपलेला नव्हता. आणि आमचा टेम्पो तीन हात उडालाही नव्हता. हे तिन्ही झालं असं मीच सांगितलं होतं, पालिकेच्या कचेरीत, चांगल्या पंचवीस माणसांसमोर, आणि कारकुनाने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. पंचवीस नसतील. दहा-बारा असतील. बघा, हे असं होतं. सगळा जन्म मुंगीचा हत्ती करण्यात गेला, आता मुंगीला मुंगी म्हणायचं तर जीभ अडखळते. तरी आज जे झालं तेवढंच सांगते.

आमचं काम रोपांचं. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. घरामागे हिरवी जाळी बांधलीय, तिच्याखाली काळ्या प्लास्टिकचे ट्रे ओळीने मांडलेत. एका भोकात एक बी. सून बी टाकते, मी झारीने पाणी घालते, मुलगा रोपं बाजारात नेऊन विकतो. रोप पंचविसाव्या दिवशी लागवडीला येतं. तिसाव्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक ते कौतुकाने घेतं. पस्तिसावा दिवस आला की तेच रोप लांबट होतं, मान टाकतं, आणि फुकट दिलं तरी लोक म्हणतात, नको बाई, जगायचं नाही हे. आमचं अख्खं वर्ष त्या आठ-दहा दिवसांवर उभं असतं. बाकीचे दिवस आपले वाट बघण्याचे.

टेम्पो तीनचाकी. हिरवा, पुढे एकच मोठा दिवा, चालू केला की गळा फुगवल्यासारखा डरांव डरांव करतो. नातीने त्याचं नाव बेडकी ठेवलं होतं. मुलगा बेडकीला रोज सकाळी फडक्याने पुसायचा. सून म्हणायची, "एवढं कधी माझ्या कपाळाला बाम चोळला नाहीत." तो हसायचा, पुसत राहायचा. माझा मुलगा बोलायला कमी. सगळं बोलणं देवाने एकाच घरात द्यायचं म्हणून मला दिलं, त्याच्या वाट्याला काही उरलंच नाही.

पालिकेचा बाजारतळ आमच्या वस्तीपासून तासाभराच्या चालीवर. तारेचं कुंपण, आत पत्र्याच्या शेड, आणि गाड्या आत घ्यायला एकच वाट. त्या वाटेवर आडवा लोखंडी दांडा. दांड्याच्या एका टोकाला सिमेंट भरलेला डबा टांगलेला, त्याच्या वजनाने दांडा वर जातो. दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की दांडा वर, ओढून खुंटीला बांधली की खाली. तिथे जो माणूस बसायचा त्याला सगळे दांडेवाला म्हणायचे. चाळिशीचा असेल. काटक, अंगात पालिकेचा निळा शर्ट, एक बटण कायम तुटलेलं. गाडी आली की उठायचा, दोरी सोडायचा, हाताने या या करायचा आणि मला बघितलं की विचारायचा, "काय मावशी, आज काय नवीन?"

मग मी काहीतरी नवीन सांगायची. कोल्ह्याने टोमॅटो मागून नेले, नाहीतर काल विहिरीत चंद्र पडला तो सुनेने बादलीने काढला, असं काही. तो मान हलवायचा. "छान सांगता हो मावशी तुम्ही," म्हणायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा.

त्या दिवशी सव्विसावा दिवस होता. टेम्पोत चाळीस ट्रे, एकावर एक फळ्या टाकून रचलेले. ट्रे हलू नयेत म्हणून मी मागे पाय पोटाशी घेऊन बसलेली, दोन्ही हातांनी फळी धरून. सकाळचं ऊन नुकतं अंगावर यायला लागलं होतं. पान हलत नव्हतं. दांडेवाल्याने दोरी सोडली, दांडा वर गेला, त्याने हाताने या या केलं. मुलाने गाडी पुढे घेतली.

मी डब्याकडेच बघत होते. का बघत होते देव जाणे. डब्याची कडी गंजलेली, ती वरून तारेने बांधलेली. तार सुटली. डबा धप्पकन् जमिनीवर आला आणि वरचा दांडा सुटलेल्या म्हशीसारखा खाली.

दांडेवाला पळत आला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो मागे पळाला नाही, पुढे पळाला, दोन्ही हात वर करून त्याने तो दांडा धरला. धरला म्हणजे काय, तळहातांवरून तो घसरत आला. तेवढ्याने वेग जरा कमी झाला असेल. नाहीतर माझ्या मुलाचं डोकं त्याच वाटेवर होतं.

दांडा टपावर पडला. टप आत बसला, समोरची काच फुटून मुलाच्या मांडीवर खडीसाखरेसारखी सांडली, आणि हँडल एका बाजूला वाकलं. बेडकी बंद पडली. मागे दोन ट्रे कलंडले. तेवढंच. टेम्पो जागचा हलला नाही.

"दादा, लागलं का? मावशी, तुम्हाला?" दांडेवाला विचारत होता. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. तो हात पँटीला पुसत होता आणि पँट लाल होत होती.

"मला नाही," मुलगा म्हणाला. हनुवटीवर काचेचा बारीकसा ओरखडा होता. "तुमचे हात बघा."

"हातांचं राहू द्या. तीन वेळा सांगितलं होतं मी वर. कडी गंजलीय म्हणून. तार मीच बांधली होती घरून आणून." तो डब्याकडे बघत राहिला. "तक्रार करा दादा. पालिकेने भरून द्यायला पाहिजे. मी सांगतो ना काय झालं ते."

तक्रारीची खिडकी बाजारतळाच्याच कचेरीत. भिंतीला फिकट निळा रंग, वर पंखा, तो फिरताना एक टप्पा गाळून फिरायचा. खिडकीमागे कारकून. पोरसवदा होता, कानाच्या मागे पेन, समोर चहाचा रिकामा कप. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद सरकवला.

"नुकसान तक्रार अर्ज. गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथेच ठेवायची. दुरुस्ती करायची नाही, हलवायची नाही. पाहणी करायला साहेब येतील."

"कधी?" मुलाने विचारलं.

"येतील."

"साहेब, माझी रोपं लागवडीला आलीत. गाडी नसेल तर..."

"दुरुस्त केली तर नुकसान कसं दिसणार? तुम्हीच सांगा."

ह्यावर काय सांगणार? खरंच आहे की. गाडी नीट केली तर नुकसान झालं नाही, आणि नीट नाही केली तर रोज नुकसान.

"चालकाचा एक जबाब लागेल आणि साक्षीदाराचा एक," कारकून म्हणाला.

"दांडेवाला देतो म्हणालाय," मी म्हटलं.

"तो पालिकेचा माणूस. पालिकेच्या माणसाची साक्ष पालिकेविरुद्ध चालत नाही. दुसरं कोण होतं?"

दुसरी मी होते.

मुलाने त्याचा जबाब दिला. चार ओळी झाल्या. दांडा वर केला, बोलावलं, आत घेतली, तार तुटली, दांडा पडला. पाच ओळी झाल्या असतील. मग त्याला गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला पाठवलं. जाताना तो माझ्या जवळ वाकला. "आई, जे झालं तेवढंच सांग हं."

"मग काय, जास्त सांगणार आहे का मी?" मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

माझ्यामागे रांग होती. नळाला पाणी नाही म्हणून आलेला एक, शेडचा पत्रा गळतो म्हणून आलेली भाजीवाली, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, आणि नुसतेच सावलीला आलेले पाच-सहा. सगळ्यांची तोंडं कडू काढा प्यायल्यासारखी.

"हं आजी, काय बघितलंत?" कारकुनाने पेन काढलं.

"आम्ही आत जात होतो. वरून दांडा पडला."

कारकुनाने लिहिलं. मान वर केली. "एवढंच?"

त्या एवढंचने घात केला बघा. कुणी मला एवढंच म्हटलं की माझ्या अंगात येतं. आणि मनात असंही आलं, एवढ्याशा गोष्टीवर पालिका कशाला देईल काही? चांगली मोठी करून सांगितली पाहिजे. पोराचंच भलं होईल.

"एवढंच कसं?" मी म्हटलं. "वारा केवढा सुटला होता! शेडचे पत्रे टाळ्या वाजवत होते. दांडा ह्या वाऱ्याने वरखाली, वरखाली, जसा काही झोपाळाच."

"आणि तुमचा दांडेवाला कुठे होता?" मागून भाजीवालीने विचारलं.

बघा, तिने विचारलं. मी आपणहून नव्हते सांगणार.

"तो? तो झोपला होता!" मी म्हटलं. "असा घोरत होता, असा घोरत होता, की मला आधी वाटलं आमचाच टेम्पो चालू आहे."

रांगेतला पहिला माणूस हसला. मग सगळी रांग हसली. कडेवरचं लेकरू हसलं, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. कारकूनसुद्धा हसला आणि हसता हसता लिहीत होता.

"मग दांडा पडला तो धाडकन्! टेम्पो तीन हात वर उडाला. मी आत ट्रे धरून बसलेली, खाली बघते तर बाजारातल्या बायकांच्या टोपल्या दिसतात. वरून रोपांचा पाऊस. एका म्हाताऱ्याच्या टकलावर मिरचीचं रोप असं उभं राहिलं, जसं काही लावलंय!"

कारकुनाने डोळे पुसले. स्वतःसाठी मागवलेल्या चहातला अर्धा मला दिला. "आजी, आज महिन्याभराने हसलो," म्हणाला. मी अंगठा उमटवला. मुलगा झेरॉक्स घेऊन आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसत होते. त्याने विचारलं, "सांगितलंस ना नीट?"

"अगदी नीट," मी म्हटलं. पोट भरल्यासारखं वाटत होतं मला.

बेडकी तिथेच राहिली, दांड्याच्या आत, पालिकेच्याच माणसांनी वाट सोडून एका बाजूला ढकललेली. त्या दिवशीचे ट्रे आम्ही तिथेच भुईवर मांडून विकले तेवढे विकले. उरलेले डोक्यावर परत.

मग सुरू झालं चालणं. सून एका पाटीत दोन ट्रे घ्यायची, मुलगा खांद्यावर फळी टाकून दोन्हीकडे दोन दोन ट्रे, दोरीने बांधलेले. पहाटे निघायचे, मागून मी झारी घेऊन. ओझ्याने थांबत थांबत पोचायचे तोवर ऊन चढलेलं, रोपांनी माना टाकलेल्या. पाणी शिंपडलं की उठायची, पण गिऱ्हाईक पाणी शिंपडलेलं रोप ओळखतं. "कालचं दिसतंय," म्हणायचं आणि शेजारच्याकडे जायचं. एका खेपेला सहा ट्रे. जाळीखाली साडेतीनशे ट्रे उभे. साडेतीनशे खरेच, हे वाढवून नाही सांगत.

चौथ्या दिवशी सुनेची मान धरली. मी तिला शेकत होते तेव्हा ती म्हणाली, "आई, तिसऱ्या ओळीतली मिरची बघितलीत का? वाढायला लागलीय."

"पाणी कमी करते."

"पाणी कमी केलं तर पिवळी पडेल."

"मग सावलीत ओढते."

"सावलीत अजून लांबते." ती डोळे मिटून पडून राहिली. रोपाला कुणी थांबवू शकत नाही. त्याला काय ठाऊक, गाडीची पाहणी व्हायचीय?

मुलगा रोज खिडकीशी जायचा. रोज उत्तर एकच, येतील. येताना तो बेडकीपाशी थांबायचा. तिच्या सीटवर कुत्र्याने घर केलं होतं. धूळ बसली होती. एकदा त्याने फडकं काढलं आणि पुसायला हात घातला, मग मागे घेतला. जशी आहे तशी ठेवायची होती ना. दांडेवाला लांबून बघायचा. त्याच्या हातांना चिंध्या बांधलेल्या. दांडा तोवर दोन बल्ल्यांवर टेकवून ठेवला होता आणि गाडी आली की दांडेवाला तो खांद्याने उचलायचा. "साहेब आले की मी सांगणार आहे दादा," म्हणायचा. मी त्याच्याकडे बघायचं टाळायची. तरी एकदा त्याने विचारलंच, "काय मावशी, आज काय नवीन?"

"काही नाही," मी म्हटलं.

"असं कसं? बरं नाही का?"

नवव्या दिवशी साहेब आले. उंच, पांढरा शर्ट, हातात फाइल, खिशात फीत. सोबत कारकून. आम्ही तिघंही तिथेच होतो, ट्रे मांडून. साहेबांनी टप मोजला, काच मोजली, वाकलेलं हँडल मोजलं. मन लावून मोजलं, मला बरं वाटलं. मग त्यांनी फाइल उघडली आणि मुलाचा जबाब वाचला. मान हलवली. पान उलटलं.

"साक्षीदार," साहेब म्हणाले आणि मोठ्याने वाचायला लागले. एका सुरात, जसं औषधाच्या बाटलीवरचं वाचावं. "वारा फार सुटला होता. शेडचे पत्रे टाळ्या वाजवत होते."

भोवती माणसं जमली. कुणी हसलं नाही. तेच शब्द, तेच मी सांगितलेले, पण साहेबांच्या तोंडून ते हाडासारखे खडखडत होते.

"नेमणुकीवरचा इसम झोपलेला होता व घोरत होता."

दांडेवाल्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जसं कुणी आपल्याला हाक मारली असं वाटून बघावं, तसं.

"टेम्पो तीन हात वर उडाला." साहेब थांबले. खाली बसले. चाकं बघितली, एकेक हाताने दाबून. "तीन हात उडून पडला तर चाकांना मार कसा नाही?"

त्यांनी फाइल माझ्यापुढे धरली.

"आजी, हा तुमचाच अंगठा ना?"

"माझाच, पण साहेब, ते मी आपलं..."

"मुलगा म्हणतो, ह्याने दांडा वर केला. तुम्ही म्हणता, हा झोपला होता. झोपलेल्या माणसाने दांडा वर कसा केला?"

"साहेब, मी जागा होतो," दांडेवाला पुढे आला. चिंध्या सोडायला लागला. "हे बघा हात..."

"तुम्हाला विचारल्यावर बोला."

मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. सुनेने बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि पाटीची चुंबळ अजून डोक्यावरच होती.

"साहेब," मुलगा म्हणाला, "आईला बोलायची सवय आहे. ती असंच सांगते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे साक्षीदार खोटं बोलतो?"

"खोटं नाही. असंच."

"असंच म्हणजे काय लिहू मी?"

त्याने खूप विचार केला. त्याला शब्द सापडला नाही. माझ्यापाशी एवढे पडलेत आणि त्याला एक सापडला नाही.

चार दिवसांनी कागद आला. नातीने वाचून दाखवला. दोन जबाबांत तफावत आढळली. नेमणुकीवरचा इसम झोपेत असल्याने दांडा खाली असताना चालकाने परवानगीवाचून वाहन आत घेतले असे दिसते. सबब पालिका जबाबदार नाही. दांड्याची दुरुस्ती अर्जदाराने करून द्यावी. सदर इसमास कामावरून कमी करण्यात आले आहे. आणि खाली गोल शिक्का, जांभळा. तक्रार निकाली.

"निकाली म्हणजे?" नातीने विचारलं.

"मिटली," सून म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सासूबाई, पालिकेने दांडा वाटेवर उगाच लावला. तुमच्या तोंडाला लावायचा होता." ती मला आई म्हणते. सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. माणूस ओरडला तर आपण दोन शब्द उलटून बोलतो, मोकळं होतो. तो उठला, जाळीखाली गेला आणि मिरचीचे ट्रे बाहेर काढायला लागला. एकोणचाळीस दिवस झाले होते. रोपं वीतभर लांब, पांढरट देठांची, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून आडवी झालेली. ट्रेखालच्या भोकांतून मुळ्या बाहेर येऊन भुईत शिरल्या होत्या. ट्रे उचलला की त्या तुटायच्या, चर्र आवाज यायचा. तो एकेक ट्रे खड्ड्यावर उपडा करायचा, मागून थाप मारायचा, रिकामा ट्रे सुनेकडे द्यायचा. ती धुवायची. मी रचायला गेले तर सुनेने माझ्या हातातून ट्रे घेतला. हिसकावला नाही. घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता निघाले. दोनदा वाटेत बसले. गुडघे माझे पावसाआधीही बोलतात आणि नंतरही. बाजारतळावर दांड्यापाशी नवा माणूस होता. त्याने मला ओळखलं नाही. बेडकी आम्ही ढकलत घरी आणली होती, तिच्या जागी तेलाचा काळा डाग तेवढा राहिला होता.

खिडकीशी तोच कारकून. "या आजी!" त्याचा चेहरा उजळला. रांगेतल्या माणसाला म्हणाला, "ह्याच त्या, टेम्पो उडालेल्या."

"मला जबाब बदलायचाय," मी म्हटलं.

"दिलेला जबाब बदलत नाही."

"मग दुसरा द्यायचाय."

"कशाबद्दल?"

"पहिल्याबद्दल. पहिला खोटा होता."

त्याने पेन खाली ठेवलं. चांगला पोरगा आहे तो. हाकलून दिलं नाही मला. म्हणाला, "बरं, सांगा तर खरं."

मग मी सांगितलं. वारा नव्हता. तो जागा होता. त्याने दांडा वर केला, हाताने बोलावलं. तार सुटली. तो पळत आला आणि दांड्याखाली हात घातले. सालं निघाली. टेम्पो जागचा हलला नाही. दोन ट्रे कलंडले. एक शब्द जास्तीचा घातला नाही मी. माझ्यामागे कुणी हसत नव्हतं. एकाने जांभई दिली.

कारकुनाने ऐकून घेतलं. थोडा वेळ बोटाने पेन फिरवत राहिला. "आजी," तो हळू म्हणाला, "राग मानू नका. पण पडत्या लोखंडाखाली पालिकेचा माणूस हात घालेल? रोजंदारीवरचा? हे तर पहिल्याहून मोठं झालं."

"अरे पण हे खरं आहे."

"असेल. पण पहिलं जास्त पटण्यासारखं होतं."

त्याने मला चहा दिला. पूर्ण कप.

त्यानंतर किती दिवस गेले? आठ तरी. टेम्पोचा टप मुलाने आतून लाकडी ठोकळा लावून जमेल तेवढा वर उचलला होता. हँडल नीट झालं नव्हतं. बेडकी सरळ चालवायची तर हँडल डावीकडे धरावं लागायचं. काच नव्हती. तो फडकं तोंडाला बांधून चालवायचा, आता दुसऱ्यांची ओझी नेतो, रोपं नाहीत न्यायला. माझ्याशी बोलायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का. सूनही बोलायची. नात तेवढी म्हणायची, "आज्जी, गोष्ट सांग ना," आणि मी म्हणायची, आज नको.

त्या दुपारी मी जाळीखाली बसून रिकाम्या ट्रेमधल्या सुकलेल्या मुळ्या काडीने काढत होते. अंगणात पावलं वाजली. बघते तर दांडेवाला. निळा शर्ट नव्हता अंगात. ओळखूच आला नाही आधी, शर्टाशिवाय तो लहान दिसत होता.

मला वाटलं, आला. आता बोलणार. मी मनाची तयारी केली, काडी खाली ठेवली, पदर नीट केला. बोल बाबा, तुझा हक्क आहे.

तो समोर उकिडवा बसला. सून पाणी घेऊन आली. त्याने तांब्या दोन्ही तळहातांत धरला. तळहातांची कातडी नवी आलेली, गुलाबी, लहान बाळासारखी. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.

"मावशी, एक विचारायचं होतं."

"विचार."

"मी खरंच झोपलो होतो का हो?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता.

"नाही म्हणजे," तो म्हणाला, "मला वाटतं, जागा होतो. पण रात्रीची एक पाळी केली होती त्याच्या आधी. सगळे तेच म्हणतात. कागदावरही आहे. बायको म्हणते, लागला असेल डोळा क्षणभर, तुम्हाला कळलं नसेल. मेहुणा म्हणतो, तुझ्या बापालाही अशीच डुलकी यायची. मग मी आठवायला बसतो. आठवून आठवून आता मला घोरण्याचा आवाजसुद्धा यायला लागलाय. तुम्ही तिथे होतात. तुम्हीच सांगा."

सून दारात उभी राहिली होती.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "जागा होतास. टक्क जागा. दांडा वर केलास, हाताने या या केलंस. तार सुटली तेव्हा तू मागे नाही पळालास, पुढे आलास. हात घातलेस वर. माझ्या पोराचं डोकं वाचलं त्याने."

त्याने आपले तळहात उलटे करून बघितले. "हात तर सोललेत," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "परत सांगा."

मी परत सांगितलं. तेच, तसंच, तेवढंच.

"परत एकदा."

तिसऱ्यांदा सांगत होते तेव्हा तो गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होता. चेहरा निवळला होता. आमची नात गोष्ट ऐकताना बसते ना, तसा बसला होता. ती पण असंच सगळं मन लावून ऐकते, परत परत सांगायला लावते, आणि त्यातल्या एका शब्दावर तिचा विश्वास नसतो.

सांगून झालं. तो उठला, मागची माती झटकली. जाळीच्या दाराशी वळून माझ्याकडे बघून हसला.

"छान सांगता हो मावशी तुम्ही," म्हणाला.